पाकीट उलटं करायला शिकवा

माझी लेक सहावीत आहे. कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वं, खनिजं ती घडाघडा म्हणून दाखवते. ‘क’ जीवनसत्त्व कमी पडलं की स्कर्व्ही, ‘अ’ कमी पडलं की रातांधळेपणा, हेही पाठ आहे. पण शाळा सुटल्यावर हातात दहा रुपये असतील तर काय घ्यायचं, हे त्या धड्यात कुठेच येत नाही.

बार्शीत आमचं किराणा दुकान आहे, तेही शाळेच्या वाटेवर. त्यामुळे त्या दहा रुपयांचं काय होतं ते मी रोज बघते. वेफर्स, कुरकुरीत नळ्या, क्रीमची बिस्किटं, रंगीत गोळ्या. आम्हीही हे ठेवतो, कारण गिऱ्हाईक मागतं. म्हणूनच सांगते, काय घ्यायचं हे मूल काउंटरशी येण्याआधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरवायला शिकवणं आपल्या हातात आहे. बाई वर्गात मन लावून शिकवतात. पण वर्गात ताट नसतं, वजनकाटा नसतो, पाकीट नसतं. ही तिन्ही घरात असतात.

सुरुवात पाकिटापासून करा. पुढची बाजू बघायचीच नाही, पाकीट थेट उलटं करायचं. मागे घटकांची यादी असते आणि ज्याचं वजन सगळ्यांत जास्त ते सगळ्यांत आधी लिहायचं, असा कायदा आहे. मुलाला फक्त पहिले तीन शब्द वाचायला लावा. साध्या गोड बिस्किटांवर बहुतेक वेळा मैदा, साखर आणि पामतेल हेच निघतात. पुढे गव्हाची लोंबी किंवा दुधाचा ग्लास छापलेला असला, तर मागे गहू किती टक्के आणि दूध किती टक्के ते शोधायला सांगा. मुलांना हा शोध फार आवडतो. यादी बहुधा इंग्रजीत असते आणि मराठी शाळेतली मुलं तिथेच अडतात. म्हणून आम्ही एका वहीच्या शेवटच्या पानावर शब्द लिहून ठेवलेत. ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा. सुक्रोज, डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही सगळी साखरेच्याच घरातली. साखर अशी तीन नावांनी विभागली की यादीत खाली सरकते, हे माझ्या लेकीनंच एका पाकिटावर हुडकून काढलं.

मग येतो पोषणाचा तक्ता. त्यातले आकडे बहुतेक १०० ग्रॅम किंवा १०० मिलीचे असतात, म्हणून आपल्या हातातल्या पाकिटाचा हिशेब करावा लागतो. हे पाचवी-सहावीचं गणितच आहे. कोलासारख्या थंड पेयात १०० मिलीला साधारण ११ ग्रॅम साखर असते. बाटली २५० मिलीची, म्हणजे साखर २७ ग्रॅमच्या आसपास. हा आकडा वहीत ठेवू नका, साखर मोजून बाहेर काढा. मी आमच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वाटी ठेवते, लेक डब्यातून साखर घालते. २७ वर येईपर्यंत तिचा हात दोनदा थांबला होता, इतकी असूच शकत नाही म्हणून. धाकटा तिसरीत आहे, त्याला ग्रॅम कळत नाहीत. त्याच्यापुढे मी सपाट चमचे मोजून ओतले. एक सपाट चमचा साधारण ४ ग्रॅमचा, म्हणजे साडेसहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर मोठ्या माणसानंही दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. ते एका बाटलीत संपतं, आणि सकाळचा चहा अजून धरलेलाच नाही. गूळ आणि मधही याच हिशेबात धरा. आजीला हे पटवायला वेळ लागतो, पण आजीलाही काट्यासमोर बसवा.

मिठाचं असंच. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. नूडल्सच्या पाकिटात ८०० मिलिग्रॅम सोडियम निघालं, तर २ ग्रॅम मीठ. मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत सांगितलंय, मुलांना त्याहून कमी.

आणि भाव काढायला शिकवा. मुलांवर याचा परिणाम सगळ्यांत जास्त होतो, असं मला दिसतं. दहा रुपयांच्या वेफर्सवर निव्वळ वजन २५ ग्रॅम असेल, तर किलोला ४०० रुपये पडले. शेजारच्या भाजीवालीकडे बटाटे काय भावानं आहेत ते लेकीलाच विचारून यायला सांगा. त्याच दहा रुपयांत फुटाणे चांगले दोन मुठी येतात, आणि हरभऱ्यात १०० ग्रॅमला वीसच्या आसपास ग्रॅम प्रथिनं असतात. धड्यातली प्रथिनं आता तिच्या मुठीत आली. आमच्या दुकानात फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की यांच्या बरण्या मी काउंटरवर पुढे आणल्यात. कंपनीचा माणूस पाकिटांच्या लडी पोरांच्या डोळ्यासमोर येतील अशा टांगून जातो. ते का, हेही मुलांना सांगा. तिसरीतल्या पोराला ते बरोबर कळतं.

सीबीएसई या केंद्रीय शिक्षण मंडळानं २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, म्हणजे कोणत्या पदार्थात किती साखर असते आणि दिवसाला किती चालते हे दाखवणारे. आपली शाळा राज्य मंडळाची असली म्हणून वाट बघू नका. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर असा फलक मुलांकडूनच करून घ्या आणि फ्रिजवर लावा.

आता ताटाकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जे मार्गदर्शन दिलं, त्यात साधारण अर्धं ताट भाज्या आणि फळांचं आहे. आपल्याकडे भाजी चमचाभर आणि पोळ्या-भात भरपूर, हे कोणत्याही घरात जाऊन बघा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीला त्यात १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी ठरलेली आहे, सहावी ते आठवीला १५०, ३० आणि ७५ ग्रॅम. एवढं माहीत असलं की संध्याकाळचं सोपं जातं. मी रोज विचारते, “आज शाळेत काय होतं?” खिचडी म्हणाली, तर घरी पुन्हा भात नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक. मटकीची उसळ झाली असेल, तर घरी पिठलं न करता गाजर-काकडी आणि अंडं. काही दिवसांनी लेकच सांगायला लागली, “आई, आज डाळ झालीय, आज भाजी कर.” शिकवायचं ते हेच.

पालेभाजी खात नाही ही तक्रार प्रत्येक आई करते. बाजारात पिशवी मुलाच्या हातात द्या आणि एक भाजी त्याला निवडू द्या. शेपू, चाकवत, अंबाडी, घोळ, तांदुळजा, जी आणेल ती करायचीच. निवडायलाही बसवा. मटकी भिजवणं, उपसणं, फडक्यात बांधणं हे धाकट्याचं काम आहे. मोड आले का बघायला तो उठल्या उठल्या ओट्याकडे पळतो, आणि स्वतः मोड आणलेली उसळ ताटात टाकत नाही. वर लिंबू पिळा, लोह अंगी लागायला मदत होते. याउलट जेवणासोबत चहा घेतला की लोह कमी शोषलं जातं. सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत जाणारी मुलं आपल्याकडे घरोघरी आहेत. चहा बंद करणं जमत नसेल, तर जेवणापासून तासभर तरी लांब ठेवा आणि चपातीबरोबर शेंगाचटणी-दही द्या.

शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, पाच ते नऊ वर्षांना गुलाबी, दहा ते एकोणीसला निळी. बरीच मुलं ती गुपचूप टाकून देतात, कारण कुणी सांगितलेलंच नसतं की ती कशाला. गोळी जेवल्यावर घ्यायची, नंतर शौचाला काळसर होऊ शकतं आणि घाबरायचं नाही, हे घरीच सांगून ठेवा. वयात येणाऱ्या मुलींना तर आवर्जून सांगा.

हे सगळं करताना मुलाच्या अंगावर बोलू नका. “जाडी झालीस”, “काडी पहिलवान” हे शब्द आमच्या घरात चालत नाहीत, पाहुण्यांनाही मी तिथेच थांबवते. आणि ताट चाटूनपुसून संपवायची सक्ती नको. आधी कमी वाढा, मागितलं की पुन्हा वाढा. पोट भरलं हे ओळखता येणं कुठल्याच पुस्तकात नाही, ते ताटावरच शिकायचं.

शेवटचं काम शाळेचं. जास्त साखर, मीठ आणि तेलाचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. ५० मीटर कुठवर येतात ते सहावी-सातवीच्या मुलांना टेप देऊन मोजायला लावा, त्या अंतरात काय काय विकलं जातं ते लिहून आणू द्या, आणि तो कागद समितीपुढे ठेवा. बैठकीच्या इतिवृत्तात त्याची नोंद झाली की नाही, तेवढं मात्र स्वतः वाचून बघा.