नोकरी सांभाळून क्लायमेट चेंज मॅनेजमेंटचं एमएससी

क्लायमेट चेंज मॅनेजमेंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वितळणारा बर्फ येतो. अभ्यासक्रमात तोही असतो, पण थोडाच. खरा भर हिशेबावर: कोणतं उत्सर्जन कोणाच्या नावावर मांडायचं, तुलना कोणत्या वर्षाशी करायची, कपातीचा खर्च कोणी सोसायचा. त्यामुळे कॉमर्सवाल्यांनीही बिचकू नये. एक्सेलवर हात बसलेला असेल तर अर्धी भीती तिथेच जाते.

मी शिकले लंडनच्या बर्कबेकमध्ये. 1823 मध्ये कारागीर-कामगारांसाठी सुरू झालेली ही संस्था. वर्ग प्रामुख्याने संध्याकाळी सहा ते नऊ. वर्गात कौन्सिलमधले (म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेतले) लोक, बँकवाले, इंजिनिअर. पुरापासून बचावाची चर्चा रंगली की कौन्सिलवाला हमखास विचारायचा, "पैसे कुठून आणणार?" आणि खरी चर्चा तिथून पुढे व्हायची.

भारतातून थेट येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. स्टुडंट व्हिसावर अर्धवेळ शिकणाऱ्याला ब्रिटनमध्ये काम करता येत नाही. नोकरी करत शिकायचं तर स्किल्ड वर्कर किंवा डिपेंडंटसारखा, काम आणि शिक्षण दोन्हींना मुभा देणारा व्हिसा हवा. आपल्याला कोणती फी लागू होईल, हेही कॉलेजकडून लेखी घ्या.

आता वेळेचं. इथलं एमएससी 180 क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटला साधारण दहा तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे 1,800 तास. दोन वर्षांत विभागले तरी एकही आठवडा सुट्टी न घेता आठवड्याला सतरा तास होतात, आणि वर्गातले तास हा त्यातला लहानसा भाग. ऑफिसातून दमून आल्यावर आकडेमोड जमते, वाचन जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. वाचनाला सकाळ द्या. आयपीसीसीच्या (हवामान बदलाच्या विज्ञानाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) अहवालांचे जाडजूड खंड पहिल्या पानापासून वाचत बसू नका. आधी धोरणकर्त्यांसाठीचा सारांश वाचा आणि मग निबंधापुरतं प्रकरण उघडा.

निबंधांचे विषय शक्यतो स्वतःच्या कामातून घ्यावेत. मी बांधकाम साहित्याच्या खरेदीत काम करते, म्हणून सिमेंट घेतलं. आमच्याकडे सगळ्यांचा समज होता की भट्टीचं इंधन बदललं की प्रश्न सुटला. पण सिमेंटच्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण 60 टक्के इंधनातून येतच नाही. चुनखडी तापून तिचं विघटन होतं, त्यातून तो सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा भाग राहतोच. मग क्लिंकर (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट होणारे खडे) कमी वापरणं, त्याऐवजी पोलाद कारखान्याची मळी (स्लॅग) किंवा फ्लाय अॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) घालणं, निघणारा वायू पकडणं असे मार्ग उरतात. हे कळल्यावर पुरवठादारांना मी विचारायचे प्रश्नच बदलले.

विजेचंही तसंच. ब्रिटनमध्ये शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झालं. इथे एका युनिटमागे ढोबळमानाने 0.2 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, भारतात 0.7 च्या आसपास. म्हणजे तेच यंत्र लंडनहून पुण्याला हलवलं तर त्याच्या विजेचं उत्सर्जन तिपटीहून जास्त दिसेल. आणि काम पुण्याच्या पुरवठादाराकडे सोपवलं, तर ते उत्सर्जन कंपनीच्या स्कोप 2 मधून (स्वतः विकत घेतलेल्या विजेच्या खात्यातून) निघून स्कोप 3 मध्ये (पुरवठादारांसारख्या इतरांकडे होणाऱ्या उत्सर्जनाच्या खात्यात) जातं. ज्या अहवालात स्कोप 3 नाही, तिथे ते गायबच! कंपनीचा चकचकीत अहवाल हातात आला की आधी काय मोजलंय ते नाही, काय वगळलंय ते शोधायची सवय यातूनच लागते. माझ्या मते या पदवीचे निम्मे पैसे इथेच वसूल होतात.

प्रबंधासाठी कंपनीची आकडेवारी वापरणार असाल तर विषय मंजूर होण्याआधीच लेखी परवानगी घ्या. व्यवस्थापक तोंडी 'हो' म्हणतो आणि कायदा विभाग महिनाभर उत्तर देत नाही, हे सगळीकडेच चालतं. परवानगीचं जुळत नसेल तर जाहीर कागदपत्रांवर काम करा. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये आला, 2050 पर्यंत नेट झिरोचं (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून निव्वळ शून्यावर येण्याचं) उद्दिष्ट त्यात आहे. लंडनच्या आराखड्याशेजारी ठेवून वाचला तर प्रबंधाचे दोन-तीन विषय सहज निघतील. शिवाय मराठी येणाऱ्याला महापालिकेची मराठी कागदपत्रं थेट वाचता येतात, ही आपली जमेची बाजू.