ग्रीन वेब डिझाइन करायचंय? मग आधी या चुका टाळा

ग्रीन वेब डिझाइन म्हणजे कमी डेटा आणि कमी वीज खाणारी साइट बनवणं. कोकणातल्या एका होमस्टेची साइट मी केली होती. उघडल्या उघडल्या ड्रोनने घेतलेला समुद्राचा व्हिडिओ, आपोआप सुरू होणारा, ३८ एमबीचा. पुण्यात वायफायवर झकास दिसायचा. पंधरा दिवसांनी मालक काकांचा फोन आला, "अहो ताई, तुमची साइट माझ्याच अंगणात उघडत नाहीये, नुसतं गोल गोल फिरतंय." मग बसून हिशोब केला. रोज १०० जणांनी जरी साइट उघडली आणि प्रत्येकाकडे पूर्ण व्हिडिओ उतरला तर दिवसाला ३.८ जीबी, महिन्याला ११४ जीबी, आणि हे सगळं सर्व्हर, मोबाइल टॉवर आणि लोकांच्या फोनच्या बॅटरीतून जाणार. तेव्हा मी घरात एलईडी लावले होते, प्रिंट काढणं बंद केलं होतं आणि वाटत होतं की आपण पर्यावरणासाठी करतोय की बरंच काही.

घरातली वीज वाचवायचीच, आपल्याकडे अजून चंद्रपूर-कोराडीचा कोळसा जळतोच आहे. पण वेब डिझायनरचं काम त्याच्या टेबलावर संपत नाही ना, ते हजारो फोनवर रोज नव्याने चालतं, म्हणून सुरुवात तिथून करा. काकांच्या साइटवर आता एकच स्थिर फोटो आहे, १२० केबीचा, आणि व्हिडिओ ज्याला बघायचाय त्याने प्लेचं बटण दाबायचं. यूट्यूबच्या व्हिडिओलाही हेच करा, आधी फक्त चित्र ठेवा, कारण नुसता प्लेअर पानात टाकला तरी कोणी प्ले दाबायच्या आधीच अर्धा एमबीच्या पुढे स्क्रिप्ट सहज उतरते.

फोटो एका झटक्यात कॉम्प्रेस करणं

साइट हलकी करायची म्हटलं की आपण सगळे फोटो एका टूलमध्ये ओततो आणि वेबपी (कमी जागा खाणारा फोटो फॉरमॅट) करून टाकतो. मग क्लायंट म्हणतो फोटो आडवा झाला. कारण फोन फोटो सरळ दिसण्यासाठी फिरवण्याची माहिती मेटाडेटात (फाइलमधल्या न दिसणाऱ्या नोंदीत) लिहितो, टूलने मेटाडेटा उडवला की ती पण गेली. आधी फोटो खरोखर फिरवून घ्या, मग मेटाडेटा काढा. रंग फिके पडले असतील तर कलर प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे याची नोंद) उडालंय, आधी एसआरजीबीमध्ये (वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) बदला आणि मग एक्सपोर्ट करा. आणि फ्लेक्सवाल्याकडून आलेली फाइल असेल तर ती बहुतेक वेळा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या रंगपद्धतीत) असते, तिचे रंग ब्राउझरमध्ये भलतेच दिसू शकतात, तेही आधी आरजीबी करा.

याहून जास्त बघितलेली चूक म्हणजे सोर्ससेट (एकाच फोटोच्या वेगवेगळ्या मापांची यादी) लावायचं आणि साइझेस (पानावर फोटो किती रुंद दिसणार ते) विसरायचं. आपण एकाच फोटोची चार मापं बनवतो, पण साइझेस नसलं की ब्राउझर धरून चालतो की फोटो पूर्ण स्क्रीनच्या रुंदीचा आहे, आणि तीन कॉलमच्या छोट्या कार्डसाठी पण मोठ्ठी फाइल ओढतो. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून नक्की कुठली फाइल उतरली ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे. लेझी लोडिंगचं (फोटो स्क्रोल करत जवळ आल्यावरच उतरवण्याचं) पण तसंच, खालच्या फोटोंना लावा, सगळ्यात वरच्या फोटोला लावू नका, नाहीतर तोच उशिरा येतो आणि माणूस वैतागून परत परत रिफ्रेश करतो.

देवनागरी फॉन्ट कापताना

हा विषय माझ्या जिवाचा आहे, कारण इथे आपल्या भाषेचं नुकसान होतं. देवनागरी फॉन्ट इंग्रजीपेक्षा जड असतो, जोडाक्षरं खूप. मुक्ता फॉन्टच्या ७ जाड्या आहेत म्हणून सातही लावायच्या नसतात, दोन पुरतात. वूफ२ हा वेबसाठीचा दाबून लहान केलेला फॉन्ट फॉरमॅट वापरा आणि नको ती अक्षरं काढा, इथवर बरोबर. पण काढताना लोक ऱ उडवतात, कारण हिंदीची यादी समोर ठेवून कापलेलं असतं. मग "दुसऱ्या" लिहिलं की ब्राउझर तेवढं अक्षर दुसऱ्या कुठल्यातरी फॉन्टमधून आणतो आणि शब्दाच्या मधे ठिगळ दिसतं. फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम उडाले असतील तर "लक्ष्मी"त पाय मोडलेली अक्षरं सुटी सुटी दिसतात. काहीजण न दिसणारे जोडक (अक्षरं जोडायची की सुटी ठेवायची हे सांगणारी चिन्हं) आणि रुपयाचं ₹ चिन्ह पण विसरतात.

फॉन्ट कापला की मी एक ओळ टाइप करून बघते: "वाऱ्यावर, लक्ष्मी, ज्ञानेश्वर, कॅमेरा, ऑफिस, ₹५००". ही नीट दिसली तरच फाइल साइटवर चढते. आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा, हिंदी किंवा इंग्रजी नाही, कारण काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आणि श वेगळा दिलेला असतो आणि तो बऱ्याचदा त्या नोंदीवरूनच निवडला जातो.

डार्क मोड केला म्हणजे झालं, असं समजणं

एलसीडी स्क्रीनच्या मागचा दिवा पान काळं असलं तरी चालूच राहतो, त्यामुळे तिथे फारसा फरक पडत नाही. ओएलईडीवर (जिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो) पडतो, पण तोही ब्राइटनेसवर अवलंबून. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीने ओएलईडी फोनवर मोजलं तेव्हा ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला सरासरी बचत ३ ते ९ टक्केच निघाली. डार्क मोड जरूर द्या, पण जड साइटवर तो उपाय म्हणून विकू नका.

चालणारा लॅपटॉप बदलणं

कमी वीज खातो म्हणून नवीन लॅपटॉप घेणं हा बहुतेक वेळा तोट्याचा सौदा असतो, कारण लॅपटॉपच्या एकूण कार्बनमधला मोठा वाटा तो बनवतानाच खर्च झालेला असतो. आधी बॅटरी बदला, एसएसडी टाका, जमत असेल तर रॅम वाढवा. माझा असाच चाललाय. स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही, स्लीप लावा. आणि खरंच मेला तर भंगारात देऊ नका, नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्रावर द्या.

सर्व्हरवर जुन्या डेमो साइट्स आणि त्यांचे रोजचे बॅकअप पडून असतात, ते क्लायंटला विचारून काढा. कॅश (ब्राउझरने फाइल साठवून ठेवायची मुदत) वर्षभराचा लावा, पण फाइलच्या नावात व्हर्जन घाला, नाहीतर लोगो बदलला तरी लोकांना जुनाच दिसतो आणि मग घाबरून आपण कॅशच बंद करून टाकतो.

शेवटची चूक साइट सोपवल्यानंतरची. आपण सगळं हलकं करून देतो आणि पुढच्याच आठवड्यात क्लायंट फोनवरून ६ एमबीचे वीस फोटो चढवतो. वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून मोठे फोटो २५६० पिक्सेलवर आणतं, पण तेही बहुतेक साइट्सना जास्तच आहे आणि मूळ फाइल सर्व्हरवर तशीच राहते. मी आता मर्यादा १६०० ठेवते, मूळ फाइल काढून टाकायची सोय करते, आणि साइट देताना क्लायंटच्या शेजारी बसून त्याच्याच फोनवरून, त्याच्याच नेटवर, एक फोटो चढवून बघते. काकांकडे हे अंगणात बसून केलं, फोटो चढला आणि पान उघडलंसुद्धा.