फोलंड नॅट, १/७२ : गोंद लावण्याआधीचं काम

विमानांच्या प्लॅस्टिक मॉडेलची, मोठ्या कंपन्यांची पाच-सहा किटं जोडून झाली की बरेच जण मर्यादित संख्येत निघणाऱ्या किटकडे वळतात, कारण आपल्याला हवं ते विमान तिथेच मिळतं. चेक प्रजासत्ताकात अशी किटं काढणाऱ्यांची चांगली परंपरा आहे. मात्र ही किटं स्वस्त, मऊ साच्यांतून, कमी दाबाने ओतलेली असतात. त्यामुळे भाग जाड येतात, कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून आलेला जादा पापुद्रा, सुटलेला असतो, आणि दोन भाग एकमेकांत बसवणाऱ्या खुंट्या बहुधा नसतातच. पेटीत तुम्हाला आकार मिळतात, ते एकमेकांना जुळवून घेण्याचं काम आपलं.

मी नाशिकला दातांच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कॅप असो की ब्रिज, आमच्याकडे सिमेंट लावण्याआधी ती दहादा बसवून बघतात. मॉडेलला हीच शिस्त लावा. सध्या माझ्या टेबलावर नॅट आहे, भारतीय हवाई दलात असलेलं छोटं लढाऊ जेट, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं (१/७२), म्हणून उदाहरणं त्याचीच देते.

पहिल्यांदा कुठलं नॅट करायचं ते ठरवा, नुसतं 'भारतीय हवाई दलाचं' म्हणून भागत नाही. ३ सप्टेंबर १९६५ ला ट्रेव्हर कीलर यांच्या नावावर पाकिस्तानी सेबर जेट पाडल्याची नोंद झाली तेव्हाचं करायचं, की १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर एकट्याने लढलेल्या निर्मलजितसिंग सेखों यांच्या १८ स्क्वॉड्रनचं? त्या सालचे, शक्यतो त्याच विमानाचे फोटो शोधा आणि रंग त्यावरून ठरवा. संग्रहालयातली आणि चौकाचौकांत उभी केलेली नॅट आकार, झाकणं, चाकांचे दांडे बघायला उत्तम, पण त्यांच्यावर रंगाचे किती हात फिरलेत याचा भरवसा नाही. अजीतचे, म्हणजे नॅटच्या भारतात बनलेल्या सुधारित रूपाचे, फोटोही वेगळे ठेवा. अजीतमध्ये इंधन पंखातच भरत, त्यामुळे पंखांखालच्या जागा शस्त्रांसाठी मोकळ्या झाल्या.

सगळे भाग भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचे, भाग कापताना आणि घासताना पाणी लावा आणि मास्क घाला. ती धूळ फार बारीक असते आणि फुप्फुसात बसते, यात अजिबात ढिलाई नको. वाकलेला रेझिनचा भाग गरम पाण्यात धरला की हाताने सरळ होतो.

आता पंख. खरं नॅट जेमतेम ९ मीटर लांब, म्हणजे १/७२ मध्ये साडेबारा सेंटिमीटर. एवढ्याशा विमानावर जाडी लगेच डोळ्यात भरते. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड असेल तर खऱ्या विमानावर ती ३६ मिलिमीटर झाली! पंख वरच्या-खालच्या दोन तुकड्यांत असेल तर घासायचं आतून. काचेवर २४० चा वॉटर पेपर चिकटवा, तुकडा पालथा ठेवा आणि बोटांचा दाब मागच्या कडेवर ठेवून घासा. मध्ये मध्ये दिव्यासमोर धरा. कडेजवळ प्लॅस्टिकमधून उजेड दिसू लागला की थांबा.

पंख धडाला लावण्याच्या जागी आमच्या लॅबमधली एक वस्तू कामाला येते : आर्टिक्युलेटिंग पेपर. दात चावल्यावर कुठे उंच लागतो ते दाखवणारा हा निळा कागद दंतसाहित्याच्या दुकानात मिळतो. त्याची पट्टी धड आणि पंखाच्या मुळाच्या मध्ये ठेवून दाबा. निळा ठिपका उमटला ती जागा उंच. तेवढीच कानशीने एक-दोन हात घासा, ठिपका पुसा, पुन्हा दाबा. सुरुवातीला दोन-तीन ठिपके दिसतात, मग ते पसरत जातात आणि शेवटी सगळ्या मुळावर फिकट निळी छटा येते. तिथे थांबायचं. फट राहिली की पुट्टी भरायची, असं बरेच जण करतात. मला ते पटत नाही. पुट्टी घासताना आजूबाजूच्या पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेषा, पुसल्या जातात आणि त्या पुन्हा कोरणं फिटिंगपेक्षा दुप्पट काम आहे.

नुसत्या टेकवलेल्या सांध्यावर विसंबू नका. पिन व्हाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या बारीक ड्रिलने, ०.५ मिलिमीटरची दोन भोकं पाडा आणि पितळी तार घाला. पंखातली भोकं आधी पाडा, तारेचे तुकडे त्यात बसवा, टोकांना थोडा रंग लावून पंख धडाला टेकवा. खूण उमटते तिथेच समोरची भोकं. नॅटचे पंख वर बसवलेले असून टोकांकडे किंचित खाली उतरतात. हा उतार दोन्हीकडे सारखा यायला हवा, म्हणून विमान समोरून दाखवणाऱ्या चित्राची मापाची प्रत काढून जाड पुठ्ठ्याचा साचा कापा आणि गोंद वाळेपर्यंत विमान त्यातच ठेवा.

कॉकपिट तुलनेने सोपं. रेझिनचं कॉकपिट आत जात नसेल तर धडाच्या भिंती आतून बरने, म्हणजे दात घासायच्या बारीक पात्याने, पातळ करा. ते फिरवणारा मायक्रोमोटर अगदी मंद ठेवा, वेगात प्लॅस्टिक वितळतं. नॅटमध्ये हवेची तोंडं कॉकपिटच्या दोन्ही बाजूंना आणि ३० मिलिमीटरच्या तोफा त्यांच्याच कडेला. त्या कडा कागदासारख्या पातळ दिसल्या पाहिजेत, तोफांची तोंडं भरीव आली असतील तर बारीक ड्रिलने पोकळ करा.

धड बंद करण्याआधी नाकात वजन घाला, नाहीतर विमान शेपटीवर बसेल. जागा कॉकपिटच्या पुढे आहे आणि फार थोडी आहे, म्हणून गळाला लावतात ते शिसं ठोकून चपटं करा. ते फेव्हिकॉलने चिकटवू नका. पांढऱ्या गोंदात शिसं काही वर्षांत फुगतं आणि धड फाटतं. इपॉक्सी किंवा फेव्हिक्विक वापरा. छताच्या काचेला मात्र उलट : तिथे फेव्हिकॉलच, कारण फेव्हिक्विकच्या वाफेने काच पांढुरकी होते.

चंदेरी नॅट करणार असाल तर रंगाचा मुहूर्त जपून काढा. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे लॅकरवर पांढुरकी साय येते. जून ते सप्टेंबर जोडकाम करावं, रंग ऑक्टोबरात. धातूच्या छटेखाली चकचकीत काळा थर लागतो आणि तो वॉटर पेपरचा एकेक ओरखडा दाखवतो, म्हणून ४००, ६००, १०००, १५०० असं क्रमाने घासून मगच काळा मारा. तो नीट वाळू द्या, बोटाचा ठसा उमटत नाही याची खात्री करा. सगळं विमान एकाच छटेत रंगवू नका. जेटच्या नळीभोवतीचा पत्रा गडद घ्या.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, लावण्याआधी पत्रकावरचं एखादं नको असलेलं चिन्ह भंगारच्या तुकड्यावर लावून बघा. डेकल मऊ करणाऱ्या द्रावणाने ते विरघळतंय की नुसतं मऊ पडतंय, ते त्यावर कळेल.

चाकांचे दांडे आणि झाकणं शेवटी. नॅटमध्ये मुख्य चाकं धडात जातात आणि हवेत अर्धवट उतरवली की ब्रेकचं काम करतात, म्हणून जमिनीवरच्या विमानाला उडतानाच्या फोटोतला झाकणांचा कोन देऊ नका. पिटो नळीसाठी (विमानाचा वेग मोजणारी बारीक नळी) इन्सुलिनच्या नव्या सुईचं टोक कापून घ्या, कापलेली कड दगडावर घासा आणि ती अगदी शेवटी बसवा, बाकी सगळं हाताळून झाल्यावर.