जुना टोपोशीट हाती घ्या, धरणाखालचं गाव सापडेल

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावाचा इतिहास शोधताय? आधी सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना, एक इंचाला एक मैल प्रमाणाचा नकाशा, म्हणजेच टोपोशीट, मिळवा. कोल्हापूर शहर ४७ एल/२ या क्रमांकाच्या शीटवर येतं. पश्चिमेकडे जाल तसं ४७ एच लागतं. शेजारी १:५०,००० चा नवा नकाशा ठेवा. जुन्यात उंची फुटांत असते, नव्यात मीटरमध्ये, तेवढं लक्षात ठेवा.

सगळा नकाशा वाचत बसू नका, एकच नदी धरा. मी दूधगंगा सुचवेन. तिच्यावरच्या काळम्मावाडी धरणाचं पाणी नव्या नकाशावर निळं पसरलेलं दिसतं. दोन्ही नकाशांचं प्रमाण वेगळं आहे (एक इंचाला एक मैल म्हणजे १:६३,३६०), म्हणून आधी नव्याची सुमारे ७९ टक्क्यांवर लहान केलेली झेरॉक्स काढा आणि तिच्यावरून पाण्याची कड ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने गिरवा. जुन्या शीटवर तो कागद ठेवताना डोंगरमाथे आणि अक्षांश-रेखांशाच्या रेघा जुळवून घ्या. पेन्सिलीच्या रेघेच्या आत नदीचं मूळ पात्र येतं, काठच्या वस्त्या येतात, तुटक रेघांच्या गाडीवाटा येतात. आज तिथे नुसतं पाणी आहे!

नकाशावरची नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतात, त्यामुळे उच्चार फसवतो. ती मोठ्याने वाचून गावातल्या आजोबांना ऐकवा. 'ही वाट कुठं जायची?' असं विचारलंत की ते खिंडीचं, ओढ्याचं, माळाचं नाव सांगतील. ते तिथल्या तिथे तारखेसह लिहून घ्या, पण जुन्या नकाशावर नको, झेरॉक्सवर.

आणखी एक बघा: नकाशाच्या समासात सर्वेक्षणाचं वर्ष वेगळं आणि छपाईचं वेगळं असतं. गाव कसं होतं हे सर्वेक्षणाच्या वर्षावरूनच धरायचं.