स्कॅटर डायग्राम आणि सहसंबंध : सीपीएचक्यूच्या अभ्यासात हा भाग कसा धरावा

सीपीएचक्यू, म्हणजे आरोग्यसेवेतल्या गुणवत्ता व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षा. तिची तयारी करणारे बहुतेक जण नर्सिंग, प्रयोगशाळा, मेडिकल रेकॉर्ड किंवा प्रशासन अशा कामांतून आलेले असतात. रुग्णसुरक्षा, ऑडिट, मूळ कारणाचा शोध हे विषय त्यांच्या रोजच्या हाताखालचे. आकडेवारीचं प्रकरण आलं की मात्र पुस्तक बाजूला पडतं. मी स्वतः वॉर्डातून गुणवत्ता विभागात आले आणि ही परीक्षा दिली. आता नव्याने अभ्यासाला बसणाऱ्यांशी बोलताना मी एकच आग्रह धरते : आकडेवारीची सुरुवात स्कॅटर डायग्रामपासून, म्हणजे दोन मोजमापांच्या जोड्या ठिपक्यांनी दाखवणाऱ्या आलेखापासून करा. त्यात गणित थोडं आहे आणि विचार पुष्कळ. तो विचार करायची सवय रुग्णांसोबत काम करणाऱ्या माणसाला आधीपासूनच असते.

जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांनी गुणवत्तेच्या कामासाठी जी सात मूलभूत साधनं रूढ केली, त्यांतलं स्कॅटर डायग्राम हे एक. बाकीची म्हणजे फिशबोन (माशाच्या सांगाड्यासारखी कारणांची आकृती), चेकशीट (मोजणीचा तक्ता), पॅरेटो, हिस्टोग्राम, कंट्रोल चार्ट आणि सातवं म्हणून कुठे फ्लोचार्ट, तर कुठे वर्गवारी. कोणत्या प्रसंगी कोणतं साधन, असा प्रश्न हमखास पडतो. तो सोडवायची खूण सोपी आहे. आडव्या अक्षावर वेळ असेल तर तो रन चार्ट किंवा कंट्रोल चार्ट. तक्रारींचे प्रकार उतरत्या क्रमाने लावायचे असतील तर पॅरेटो. एकाच मोजमापाचा पसारा पाहायचा असेल तर हिस्टोग्राम. आणि दोन मोजमापं एकमेकांबरोबर हलतात का, हे पाहायचं असेल तर स्कॅटर.

इथे ‘जोडी’ ही गोष्ट पक्की डोक्यात बसली पाहिजे. प्रत्येक ठिपका म्हणजे एका रुग्णाची, एका पाळीची किंवा एका दिवसाची दोन मोजमापं. ज्याचा परिणाम होत असावा असं वाटतं ते आडव्या अक्षावर, आणि ज्याच्यावर होत असावा ते उभ्या अक्षावर. एका महिन्याचं मनुष्यबळाचं पत्रक आणि दुसऱ्याच महिन्याचे रुग्णसमाधानाचे गुण जुळवून बसलात, तर कागदावर ठिपके उमटतील, पण त्यांना काही अर्थ उरणार नाही.

दोन मोजमापं किती बरोबरीने हलतात हे एका आकड्यात सांगणारा सहसंबंध गुणांक, म्हणजे पिअर्सनचा ‘आर’, एकदा तरी हाताने काढून पाहा. परीक्षेत मोठी आकडेमोड करायला लागत नाही, पण एकदा हाताने केलेलं कायमचं समजतं. एक छोटं, रचलेलं उदाहरण घेऊ. पाच पाळ्या आहेत. एका नर्सकडे असलेले रुग्ण : ४, ५, ६, ७, ८. बेल वाजल्यापासून नर्स पोहोचेपर्यंत सरासरी लागलेली मिनिटं : ३, ४, ६, ५, ७. रुग्णसंख्येची सरासरी ६, मिनिटांची ५. आता प्रत्येक आकडा आपल्या सरासरीपासून किती दूर आहे ते लिहा. रुग्णांचे फरक उणे २, उणे १, ०, १, २. मिनिटांचे उणे २, उणे १, १, ०, २. जोडीतल्या फरकांचे गुणाकार ४, १, ०, ०, ४, बेरीज ९. रुग्णांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०, मिनिटांच्याही १०. या दोन बेरजांच्या गुणाकाराचं वर्गमूळ १०. नऊ भागिले दहा, म्हणून आर ०.९.

आता सहावी पाळी घाला : ९ रुग्ण आणि १ मिनिट. परत मांडणी केली की आर येतो उणे ०.०५ च्या आसपास, म्हणजे संबंध जवळपास शून्य! एका ठिपक्याने सगळं चित्र फिरवलं. अशा वेळी नुसता गुणांक वाचणारा माणूस ‘रुग्णसंख्येचा आणि बेलला लागणाऱ्या वेळेचा काही संबंध नाही’ असं लिहून मोकळा होईल. आलेख समोर असेल तर तो एकटा, खाली पडलेला ठिपका लगेच डोळ्यांत खुपतो आणि आपण मूळ नोंदवही उघडतो. समजा तिथे १० मिनिटं लिहिलेली आहेत आणि संगणकात भरताना शून्य गळलं आहे. ते दुरुस्त केलं की आर ०.९३. पण नोंदवहीतही १ च मिनिट असेल, तर तो ठिपका पुसायचा नाही. मग त्या पाळीत वेगळं काय झालं ते विचारायचं. कदाचित जादा मदतनीस होता, कदाचित कामाची वाटणी वेगळी होती. सुधारणेची उत्तम कल्पना अशाच ठिपक्यात दडलेली असू शकते. म्हणून वेगळा पडलेला ठिपका चौकशीशिवाय काढून टाका असं सुचवणारा पर्याय मला कधीच बरोबर वाटत नाही.

या बाबतीत संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ साली मांडलेले आकड्यांचे चार संच जरूर पाहा. चारही संचांत आर सुमारे ०.८२, सरासऱ्या जुळतात, मधून जाणारी रेषाही तीच. आलेख काढला की पहिला नेहमीसारखा विखुरलेला, दुसरा चक्क वक्र, तिसरा जवळजवळ सरळ रेषा पण एक ठिपका भरकटलेला, आणि चौथ्यात सगळे ठिपके एका उभ्या ओळीत, फक्त एक लांब जाऊन बसलेला. गुणांक एक, गोष्टी चार. पिअर्सनचा आर फक्त सरळ रेषेतला संबंध मोजतो. ठिपके घोड्याच्या नालेसारखे वाकले असतील तर आर शून्याजवळ येऊनही संबंध घट्ट असू शकतो.

चिन्ह आणि ताकद या दोन गोष्टींची गल्लत फार होते. आर उणे १ ते अधिक १ च्या दरम्यान असतो. चिन्ह दिशा सांगतं, आकडा ताकद सांगतो. उणे ०.८ हा अधिक ०.६ पेक्षा मजबूत संबंध आहे. उणे म्हणजे वाईट असंही नाही. हात धुण्याचं पालन वाढतं तसा संसर्गाचा दर उतरत असेल, तर तो उणे सहसंबंध आपल्याला हवाच आहे. रेषा किती चढी आहे यावरून आर ठरत नाही, ठिपके रेषेला किती चिकटून आहेत यावरून ठरतो. आणि आरचा वर्ग केला की एका मोजमापातल्या चढउतारांपैकी किती भाग दुसऱ्याशी जुळतो ते कळतं : आर ०.७ असेल तर वर्ग ०.४९, म्हणजे निम्म्याच्याही किंचित खाली. ०.७ ऐकायला भारदस्त वाटतो, पण उरलेला निम्मा भाग दुसरीकडूनच येतो.

खरा कस लागतो तो कार्यकारणभावाच्या प्रश्नावर. ‘सहसंबंध म्हणजे कारण नव्हे’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, तरी प्रश्नात नेमकं तेच निसटतं, कारण पर्याय कामाच्या भाषेत लिहिलेले असतात. म्हणून वाक्य पाठ करण्यापेक्षा, दोन गोष्टी बरोबर हलताना दिसल्या की त्यामागे आणखी काय असू शकतं हे रुग्णालयातल्या उदाहरणांतून घोटून घ्या. मुक्काम जितका लांब तितका संसर्ग जास्त, असं दिसलं. लांब मुक्कामामुळे संसर्ग झाला, की संसर्ग झाला म्हणून मुक्काम लांबला? दोन्ही खरं असू शकतं. ज्या रुग्णांना जास्त तज्ज्ञ तपासून गेले त्यांच्यात मृत्यू जास्त दिसले, तर दोष तज्ज्ञांचा नाही. आजार गंभीर होता म्हणून तज्ज्ञ बोलावले गेले. आणि काळाबरोबर दोन्ही आकडे वाढत असतील, उदाहरणार्थ संगणकीय नोंदींचं प्रमाण आणि घटना अहवालांची संख्या, तर त्यांचा आलेख सुंदर चढता येतो, पण दोघांना वर नेणारी गोष्ट तिसरीच असू शकते.

वॉर्डांची सरमिसळ ही आणखी एक जागा. आपत्कालीन विभाग आणि सामान्य वॉर्ड यांचे ठिपके एकाच रंगात टाकले तर दोन वेगळे पुंजके मिळून एक खोटी तिरकी रेषा दिसू शकते. प्रत्येक विभागाला वेगळा रंग दिला की पुंजक्याच्या आत काहीच चढउतार नाही हे उघड होतं. उलटही घडतं : खरा संबंध सरमिसळीत झाकला जातो. रंग बदलायला मिनिटभर लागतं, ते टाळू नका.

प्रश्नाचा नमुना असा असतो. प्रतीक्षेचा वेळ आणि तक्रारी यांत आर ०.७८ आला, गुणवत्ता व्यवस्थापकाने पुढे काय करावं? एक पर्याय म्हणेल, प्रतीक्षेमुळेच तक्रारी होतात असा अहवाल द्या. दुसरा म्हणेल, ताबडतोब कर्मचारी वाढवा. तिसरा म्हणेल, संबंध कमकुवत आहे, सोडून द्या. चौथा म्हणेल, संबंधामागची कारणं आणखी तपासा. चौथाच धरा. प्रत्यक्ष कामातही पुढची पायरी तीच : फिशबोनवर कारणं मांडणं, विभागवार पाहणं, मग लहान प्रमाणावर बदल करून पीडीएसए (प्लॅन-डू-स्टडी-अ‍ॅक्ट : ठरवा, करा, अभ्यासा, अमलात आणा) चक्रात परिणाम मोजणं.

सांख्यिकीय लक्षणीयता, म्हणजे दिसलेला संबंध निव्वळ योगायोगाने येणं कठीण असणं. तिच्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा की ती आणि ताकद वेगळ्या आहेत. हजार जोड्या असतील तर आर ०.१ सुद्धा लक्षणीय ठरतो, पण त्याचा वर्ग ०.०१, म्हणजे फक्त एक टक्का. उलट आपल्या पाच पाळ्यांचा ०.९ हा ०.०५ च्या पातळीवर जेमतेम पार होतो, कारण पाच जोड्यांसाठी लक्षणीय ठरायला आरने ओलांडायची मर्यादाच तिथे ०.८७८ आहे. तीस जोड्या असतील तर ती ०.३६१ वर येते. म्हणून सरावासाठी आपल्याच विभागातल्या निदान तीसेक जोड्या गोळा करा, रुग्णाची ओळख पटेल असं काही न ठेवता. आधी ठिपके काढा, आर किती असेल याचा अंदाज कागदावर लिहा आणि मगच संगणकाला विचारा.