इंदूरच्या काळ्या मातीत कुंती कशी लावावी, कशी फुलवावी

पुण्याची मावशी आली की आमच्या अंगणातल्या झुडपाला कुंती म्हणते. माळी म्हणतो मधुकामिनी. इंदूरच्या नर्सरीत मधुकामिनी हेच नाव सांगा. झाड एकच: बारा महिने हिरवं, चकचकीत बारीक पानं, पांढऱ्या फुलांचे झुबके आणि रात्री गल्लीच्या तोंडापर्यंत जाणारा वास. ही लिंबा-संत्र्याच्या कुळातली. एक फूल तळहातावर घेऊन बघा, मागे वळलेल्या पाच पाकळ्या थेट संत्र्याच्या फुलाची आठवण करून देतात. हे नातं विसरू नका, पुढे कामी येणार आहे.

आधी जमीन बघा. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि पावसात पाणी धरून बसते. कुंतीला ओल चालते, साचलेलं पाणी नाही. दीड-दोन फूट खोल, तेवढाच रुंद खड्डा खणा, संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओता आणि सकाळी येऊन बघा. तळाशी अजून पाणी असेल तर जागा बदला, नाहीतर विटा लावून फूटभर उंच वाफा करा. मी या परीक्षेला फाटा दिला होता. पहिलं झाड भाद्रपदात पिवळं पडलं. उपटून पाहिलं तर मुळं काळी, चिमटीत धरली की साल सुटून यायची.

खड्डा भरताना निम्मी खणलेली माती घ्या, उरलेल्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत सारखं. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत असेल तर शेणखतही विकत आणायला नको. वर मूठभर निंबोळी पेंड.

लावायचं आर्द्रा लागल्यावर, पावसाने माती नीट भिजली की. चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा हवी, सकाळचं असेल तर उत्तम. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच रोप गाडा, खोड पुरू नका. कुंपण करायचं असेल तर दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर; एकटं झाड वाढवायचं तर चारी बाजूंनी पाच-सहा फूट मोकळे ठेवा. कुंडीतही होते, पण कुंडी निदान चौदा इंची घ्या.

पहिला उन्हाळा जपावा लागतो. मे महिन्यात एक दिवसाआड भरपूर पाणी आणि बुंध्याभोवती वाळक्या पानांचा थर. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा पुरतं.

आता फुलांचं. "झाड हिरवंगार आहे, पण फुलत नाही," ही तक्रार मी किती जणांकडून ऐकली! बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं. पहिलं, रोजचं पाणी. संत्र्याच्या बागेला ताण देतात ना, तसंच इथेही करायचं: पाणी तोडायचं, पानं किंचित मलूल दिसू लागली की खत घालून भरपूर पाणी द्यायचं. माझ्याकडे तीन-चार आठवड्यांत कळ्या दिसतात. मात्र हे मुरलेल्या झाडाला. पहिल्या-दुसऱ्या वर्षी नको. दुसरं कारण कात्री. कळ्या कोवळ्या शेंड्यांवर येतात आणि माळ्याला कुंपण भिंतीसारखं सपाट हवं असतं. एकदा मी बाजारातून परत येते तो कळ्यांनी भरलेले शेंडे पायरीखाली ढिगाने पडलेले! तेव्हापासून आमचा करार आहे: बहर संपून पाकळ्या गळल्या की छाटणी, तीही एक तृतीयांशाहून जास्त नाही.

नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडतंय. आपली माती चुनखडीची, त्यात बोरिंगचं जड पाणी, म्हणून असं होतं. चिलेटेड लोह पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात मिसळून पानांवर फवारा. पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच घाला.

मावा आणि खवले किडीला निंबोळी तेल पुरतं: लिटरभर पाण्यात पाच मिली, सोबत साबणाचे थेंब, संध्याकाळी. पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या मात्र मी मारत नाही. फुलपाखराच्या असतात, मोठं झाड चार पानांनी खंगत नाही. पण घरात लिंबू किंवा संत्र्याचं झाड असेल तर कुंती त्याच्या शेजारी लावू नका. संत्र्या-लिंबाला ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सिला ही बारीक कीड कुंतीवर फार आवडीने वाढते.

फळं छोटी, लालभडक. बुलबुल सगळी फस्त करायच्या आत पिकलेली चार-पाच काढा, गर धुऊन बी लगेच पेरा. ताजं बी चांगलं उगवतं. रोप महिन्याभरात वर येतं, फुलाला काही वर्षं लागतात. तेवढा धीर नसेल तर पावसाळ्यात गुटी बांधा, म्हणजे झाडावरच्या फांदीची साल सोलून तिथे ओलं शेवाळ बांधा आणि मुळं फुटली की कापून लावा.