इंग्लंडचे किल्ले पाहताना आधी कोपरे बघा

लंडनला गेलात आणि इतिहासासाठी एकच दिवस हाताशी असेल, तर केंटमधलं रोचेस्टर गाठा. सेंट पँक्रसहून जलद गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता येतं. तिथल्या बालेकिल्ल्यात शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारा आणि चारही कोपरे नीट पाहा. तीन बुरूज चौकोनी आहेत, आग्नेयेचा मात्र गोल.

तो गोल का, यातच १२१५ सालची सगळी गोष्ट आहे. जूनमध्ये मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेवर, मोहोर उमटली, पण शरद ऋतूत राजा जॉन आणि सरदार पुन्हा भिडले. सरदारांनी हा किल्ला बळकावला. जॉनने बुरुजाखाली भुयार खणून लाकडी टेकू लावले आणि ४० डुकरांची चरबी मागवून ते पेटवून दिले. कोपरा ढासळला. पुढे तो नव्याने बांधला, तेव्हा गोल बांधला.

आत मजले उरलेले नाहीत. भिंतीत ओळीने तुळयांची भोकं दिसतील, तीच एकेका मजल्याची पातळी. एक शेकोटी तर थेट अधांतरी! मधल्या भिंतीतली विहीरही चुकवू नका. वेढ्यात पाणी वरच्या मजल्यांवर तिथूनच ओढून घेत. जिने अरुंद आणि गोल फिरत जाणारे आहेत, पकड असलेले बूट घाला. एका दिवसात तीन किल्ले उरकण्यापेक्षा इथेच दोन तास द्या, मग शेजारचं कॅथेड्रल पाहा. त्याची स्थापना ६०४ची.